नव्या कॅमेऱ्याला फ्लॅश नाही, म्हणून काय बिघडले?

आज प्रत्येक वस्तीत कॅमेरा गळ्यात अडकवलेला आपला एखादा तरी मुलगा दिसतो. भीमजयंतीची मिरवणूक असो, विहारातली वर्षावासाची प्रवचनमाला असो, साक्षगंध असो की मंगल परिणय, "फोटो कोण काढणार?" या प्रश्नाला आता बाहेरच्या स्टुडिओवाल्याकडे धावावे लागत नाही. ही मुले कुठे शिकली? बहुतेक जण कुणाच्या तरी हाताखाली बॅगा उचलून, आणि उरलेले मोबाईलवर पाहून पाहून. एक लहान कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स, एवढ्यावर त्यांनी दोन-तीन वर्षे काढलेली असतात. आता त्यांना वरचा कॅमेरा हवा आहे. आणि इथेच घरात वाद सुरू होतो.

कारण पैसे त्या मुलाचे एकट्याचे नसतात. थोडे त्याने साठवलेले, थोडे आईने बचत गटातून उचललेले, थोडे वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून काढलेले. तेव्हा प्रश्न विचारण्याचा हक्क सगळ्या घराला आहे, आणि तो विचारला जातोच. वडील दुकानात तो महागडा कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा पाहतात. जुन्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बटण दाबले की टपकन वर येणारा फ्लॅश होता. या नव्याला तो नाहीच. "एवढे पैसे मोजायचे आणि साधा फ्लॅश नाही? मग हा वरचा कसा?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. कष्टाच्या पैशाने वस्तू घेणारा माणूस तिच्यात काय काय येते ते मोजून घेतो, आणि ते बरोबरच आहे. पण मुलाला उत्तर देता येत नाही आणि दुकानदार देतो ते उत्तर त्याच्या सोयीचे असते. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो.

आधी वस्तुस्थिती पाहू. ज्यांचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा असतो त्या कॅमेऱ्यांना फुल-फ्रेम म्हणतात. कॅननच्या फुल-फ्रेम डीएसएलआरपैकी एकालाही अंगचा फ्लॅश, म्हणजे दुकानात ज्याला 'इनबिल्ट' किंवा 'पॉप-अप' म्हणतात तो, कधीच नव्हता. २००५ चा ५डी घ्या, २०१२ चा ६डी घ्या, नाहीतर २०१७ चा ६डी मार्क टू. त्याच कंपनीच्या लहान सेन्सरच्या १५००डी, ८०डी, ९०डी या कॅमेऱ्यांना मात्र तो आहे. निकॉनची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या डी६१०, डी७५० आणि डी८१० या फुल-फ्रेम कॅमेऱ्यांना फ्लॅश होता. पण डी८१० च्या जागी २०१७ मध्ये आलेल्या डी८५० मधून आणि डी७५० च्या जागी २०२० मध्ये आलेल्या डी७८० मधून तो काढून टाकला. म्हणजे किंमत वाढली की फ्लॅश मिळतो असे नाही, उलट जातो. वर उघडणारे झाकण आणि बिजागरी म्हणजे धूळ-पाण्याला शिरायला एक फट. आणि ज्याची रोजीरोटी कॅमेऱ्यावर आहे तो माणूस तसाही वेगळाच फ्लॅश लावतो.

का लावतो, ते हिशेबानेच पाहावे. प्रत्येक फ्लॅशची ताकद 'गाइड नंबर' या आकड्याने सांगतात. या आकड्याला लेन्सच्या ॲपर्चरच्या आकड्याने भागले की उजेड किती मीटरपर्यंत पुरतो ते निघते. कॅनन १५००डी च्या अंगच्या फ्लॅशचा गाइड नंबर ९.२ आहे, निकॉन डी५६०० आणि डी७५०० यांचा १२. आता १८-५५ ची लेन्स पूर्ण ओढली की तिचे ॲपर्चर ५.६ होते. १२ भागिले ५.६, म्हणजे दोन मीटरच्या किंचित पुढे. कॅननच्या बाबतीत पावणेदोन मीटरही नाही. हा झाला आयएसओ १०० चा हिशेब. आयएसओ १६०० केला तर अंतर चौपट होते, साडेआठ आणि साडेसहा मीटर. पण लग्नाच्या सभागृहात मंचापासून तिसऱ्या रांगेत उभे राहून फोटो घेतला तर एवढे अंतर सहज होते.

दुसरा नियम याहून कडक आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. आपल्याकडचा कुटुंबाचा फोटो आठवा. पुढे खुर्चीवर आजी-आजोबा, मागे दोन-तीन रांगा. पुढची रांग कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर आणि शेवटची चार मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या चौथा हिस्साच उजेड मिळणार. आजीचे लुगडे पांढरेफेक आणि मागे उभ्या नातवंडांची तोंडे अंधारात, असे फोटो कितीतरी घरांत भिंतीवर लागलेले आहेत. दोष नातवंडांचा नव्हे आणि फोटोग्राफरच्या हाताचाही नव्हे. उजेड समोरून, एका टिकलीएवढ्या जागेतून आला, एवढेच.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात रात्री दीक्षाभूमीवर उभे राहिले की गर्दीतून सतत लहान लहान फ्लॅश चमकताना दिसतात. स्तूप तिकडे दूर. फ्लॅशचा उजेड पुढच्या चार माणसांच्या डोक्यांवर पडून संपतो. कॅमेरा मात्र आपण उजेड दिला अशा समजुतीत शटर लवकर मिटतो, आणि रोषणाईने उजळलेला तो स्तूप फोटोत काळवंडून येतो. तिथे फ्लॅश बंद करून आयएसओ वाढवणे हाच उपाय. कॅमेरा 'ऑटो'वर ठेवला की अंधार दिसताच हा फ्लॅश न विचारता डोके वर काढतो. म्हणून ऑटोवरून हात काढायची सवय आधी लावावी.

अंगच्या फ्लॅशचे खरे दुखणे ताकद कमी हे नाहीच. त्याची मान वळत नाही, हे आहे. वेगळा फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, म्हणजे हॉट-शूमध्ये बसतो आणि त्याचे तोंड वर, मागे, बाजूला फिरवता येते. तोंड पांढऱ्या छताकडे केले की सगळे छतच दिवा होते. उजेड वरून, पसरून, मऊ येतो आणि पुढची रांग व मागची रांग यांच्यातला फरक पुष्कळ कमी होतो. डोळे लाल येणे थांबते, कारण ते लालपण म्हणजे लेन्सच्या अगदी जवळून गेलेला उजेड डोळ्याच्या पडद्यावरून सरळ परत येणे. शिवाय वरचा कॅमेरा घेणारा माणूस पुढेमागे मोठी लेन्सही घेतो. तशी २४-७० ची जाड लेन्स लावली, वर तिचा हूड चढवला, की अंगच्या फ्लॅशसमोर ती आडवी येते आणि फोटोच्या खालच्या बाजूला अर्धगोल काळी सावली पडते. म्हणजे कॅमेरा जसा वाढेल तसा हा फ्लॅश आणखी निकामी होत जातो.

छत पाहिजे हे मात्र खरे. आपल्या वस्तीत वर पत्रा असतो, मंडपात लाल-पिवळे कापड असते, आणि विहाराच्या भिंती पुष्कळदा निळ्या. ज्या रंगावर उजेड आपटेल तो रंग घेऊनच तो परत येतो. निळ्या भिंतीकडे फ्लॅश वळवला तर नवरी-नवरदेवाच्या चेहऱ्यावर निळी झाक येईल. निळा रंग आपल्याला कितीही प्रिय असला तरी तो चेहऱ्यावर नको. अशा जागी एक पांढरी चादर किंवा थर्माकोलचा मोठा तुकडा मित्राला धरायला लावून त्यावर फ्लॅश मारावा. उघड्या मैदानात छतच नसते. तिथे तोंड सरळ ठेवून ताकद कमी करावी, बाकीचे काम आयएसओवर सोपवावे.

आता एक गोष्ट अशी सांगतो की जी कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात कुणी छापत नाही. आपले मंगल परिणय तथागतांच्या मूर्तीसमोर आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर होतात. प्रतिमा काचेच्या चौकटीत असते. फोटोग्राफर समोर उभा राहून अंगच्या फ्लॅशने फोटो घेतो, आणि तो उजेड काचेवर आपटून सरळ त्याच्याकडेच परत येतो. वधू-वरांच्या मागे, नेमका बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर पांढरा डाग. ज्या प्रतिमेच्या साक्षीने दोघांनी प्रतिज्ञा घेतल्या तिचाच चेहरा अल्बममध्ये नाही. तो क्षण पुन्हा घेता येत नाही. चष्मा लावणाऱ्या वडीलधाऱ्यांचीही हीच गत होते. उपाय साधा आहे: समोरून न घेता थोडे तिरके उभे राहावे, म्हणजे काचेवरून परतणारा उजेड दुसरीकडे जातो. मान वळणारा फ्लॅश असेल तर समोरूनही जमते. पण अंगचाच फ्लॅश आणि समोरचीच जागा, हे दोन्ही एकत्र आले तर डाग पडणारच.

पांढऱ्या साडीचेही असेच. आपली नवरी पांढऱ्या साडीत असते. स्वयंचलित फ्लॅश समोर एवढा पांढरा रंग पाहून उजेड जास्त झाला असे समजतो आणि आपली ताकद आखडती घेतो. साडी राखाडी होते आणि सावळा चेहरा काळा. म्हणून फ्लॅशची दुरुस्ती, ज्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात ती, पाऊण ते एक स्टॉप वाढवावी लागते. पण समोरून मारलेल्या कडक उजेडात ती वाढवली की साडीची नक्षी जळते आणि कपाळ चमकते. छतावरून आलेल्या उजेडात दोन्ही सांभाळता येतात. आपल्या कातडीचा हा प्रश्न नवा नाही. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईच्या चित्राचे नमुना-कार्ड पुरवत असे. त्याला 'शर्ली कार्ड' हेच नाव पडले होते. तिचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर. काळी-सावळी माणसे त्या हिशेबात फार उशिरा धरली गेली. आता मशीन कुणाच्या हातात आहे, तर आपल्याच मुलांच्या. त्यांनी तरी आपली आई फोटोत जशी आहे तशी आणावी.

जिथे फ्लॅश चालतच नाही अशाही जागा आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला बंदी आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. विहारात वंदना चालू असतानाही भिक्खूंच्या तोंडावर फ्लॅश मारणे अशोभनीय आहे. बंदीचा फलक नसला तरी. अशा वेळी उपयोगी पडते ती लेन्स. ५० मिलिमीटरची एफ १.८ ची लेन्स दोन्ही कंपन्यांच्या स्वस्त लेन्सांपैकी एक आहे. १८-५५ ची लेन्स ओढल्यावर ५.६ वर असते. तिच्या तुलनेत ही जवळजवळ दहापट उजेड आत घेते. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आयएसओ ३२००-६४०० वरही स्वच्छ फोटो देतो, हा वरच्या कॅमेऱ्याचा खरा फायदा. पैसे त्याचे मोजायचे, फ्लॅशचे नव्हे.

मग अंगचा फ्लॅश अगदीच कुचकामी का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याला धंदा करायचा नाही, घरातले वाढदिवस, बारसे, मुलीचे शाळेतले बक्षीस एवढेच टिपायचे आहे, त्याला तो उपयोगी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत अंतरच दोन मीटरचे असते. वेगळा फ्लॅश, त्याचे सेल, त्याची पिशवी हे लचांड कोण सांभाळणार? अशा माणसाने फुल-फ्रेमच्या मागे लागूच नये. ८०डी किंवा डी७५०० सारखा कॅमेरा त्याला आयुष्यभर पुरेल. धंदेवाल्यालाही ऐनवेळी वेगळा फ्लॅश बंद पडला तर अंगचा हाताशी असणे वाईट नाही. आणखी एक उपयोग असा की डी७५०, डी७५००, कॅनन ७०डी, ८०डी अशा काही कॅमेऱ्यांचा अंगचा फ्लॅश दूर ठेवलेल्या जुळणाऱ्या फ्लॅशला इशारा देऊन पेटवू शकतो. खोलीत हे छान चालते; उन्हात इशारा हरवतो. आता रेडिओवर चालणारे ट्रिगर स्वस्तात मिळतात, त्यामुळे एवढ्यासाठी कॅमेरा निवडण्याचे कारण उरलेले नाही.

माझे मत विचाराल तर, क्रम उलटा करा. आधी फ्लॅश, मग कॅमेरा. ज्या मुलाकडे आज लहान कॅमेरा आहे त्याने कर्ज काढून मोठा घेण्याआधी जुन्याच कॅमेऱ्यावर वेगळा फ्लॅश लावून एक लग्नसराई काढून पाहावी. हाताने ताकद ठरवायचा साधा फ्लॅश दहा हजारांच्या आत येतो. खोक्यावर ६० असा मोठा गाइड नंबर छापलेला दिसला तर हुरळून जाऊ नये. तो बहुधा २०० मिलिमीटरच्या झूमवर मोजलेला असतो आणि रुंद कोनात निम्म्यावर येतो. पण निम्मा धरला तरी ३०, म्हणजे १२ च्या अडीचपट. उजेडाच्या हिशेबात सहापट. एवढ्या खर्चात कामात जो फरक पडेल तो पाहून पुष्कळांचा कर्जाचा विचार सहा महिने पुढे जाईल. आणि ज्याला खरोखरच मोठा कॅमेरा लागणार आहे त्याने फ्लॅशची आणि सेलच्या दोन जोड्यांची किंमत पहिल्या दिवसापासून खर्चात धरावी. कॅननवाल्यांनी हेही लिहून ठेवावे की १८-५५ ची ईएफ-एस लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्याला बसतच नाही. ही लेन्स आणि हा फ्लॅश मागाहून आठवले की घरात पुन्हा तोंडातोंडी होते.

वेगळा फ्लॅश घेताना काही खाचखळगे आहेत. कॅनन १५००डी आणि २००डी मार्क टू यांच्या हॉट-शूमध्ये मधली पिन नाही. स्वस्तातले साधे फ्लॅश त्या एका पिनेवरच पेटतात, त्यामुळे ते या कॅमेऱ्यांवर पेटत नाहीत. त्यांना कॅननशी जुळणारा टीटीएल फ्लॅशच लागतो. तेव्हा कॅमेरा बरोबर नेऊन, लावून, पेटवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरे असे की अंगचा फ्लॅश वर आला की कॅमेरा शटरचा वेग आपोआप आवरतो. साधा फ्लॅश खाचेत बसवला आहे हे कॅमेऱ्याला कळतच नाही. वेग १/२०० च्या वर गेला, कॅनन ६डी वर १/१८० च्या वर गेला, की फोटोत एका बाजूला काळा पट्टा येतो. फ्लॅश बिघडला असे समजून मुले तो परत करायला धावतात. बिघडलेले काहीच नसते. आणि कुणाच्या काकांच्या कपाटातला फिल्मच्या काळातला फ्लॅश सापडला तर तो डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नये. त्यांतले काही पायाशी दोनशे व्होल्टच्या वर दाब देतात, आणि सगळेच कॅमेरे तो सहन करत नाहीत.

२०२० नंतर कॅनन आणि निकॉन यांनी नवा डीएसएलआर आणलेला नाही. दोघेही मिररलेसकडे वळले आहेत. त्यामुळे मोठे स्टुडिओ आपले जुने कॅमेरे विकत आहेत आणि आपल्या मुलांना वापरलेला ६डी किंवा डी७५० घेणे आवाक्यात आले आहे. असा कॅमेरा पाहायला जाताना आपला फ्लॅश आणि चार भरलेले सेल बरोबर न्यावेत. फ्लॅश खाचेत बसवून वीस-पंचवीस फोटो लागोपाठ घ्यावेत, मध्ये हलकेच हलवून पाहावा. एकदा पेटतो आणि एकदा नाही असे झाले तर खाचेतले संपर्क झिजले आहेत. डी७५० असेल तर अंगचा फ्लॅशही चार-पाच वेळा उघडून, पेटवून, मिटून पाहावा. कॅननच्या लहान कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'एरर ०५' आले तर फ्लॅश वर उठू शकत नाही असा त्याचा अर्थ. शटर किती वेळा चालले आहे तो आकडा विचारावा आणि फोटो घरी आणून मोठे करून पाहावेत. विकणारा एवढ्याला तयार नसेल तर दुसरा पाहावा. सध्या बाजारात अशा कॅमेऱ्यांची कमी नाही.